बालकाची लय आणि मोठ्यांचा ताल

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी जबलपूर व नागपूर ही शहरे एकाच राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. नोकरीचाकरीच्या निमित्ताने नर्मदाकाठच्या या शहरात जी मराठी कुटुंबे स्थायिक झाली, त्यांचा बाहेरचा व्यवहार हिंदीत गेला. तथापि तान्ह्या मुलाशी खेळण्याची रीत घरात मराठीच राहिली. आजी पाटावर पाय लांब करून बसते, बाळास पोटऱ्यांवर घेते, तेल चोळताना त्याचे हात छातीवर आडवे घालते, पुन्हा मोकळे करते आणि प्रत्येक हालचालीबरोबर काहीतरी ठेक्यात म्हणत जाते. पुढे टाळ्यांचा खेळ येतो, पदराआड तोंड लपवून ‘बुवा कुक’ करणे येते. आता पुष्कळ घरांतून हे काम मोबाईलच्या पडद्यावर सोपविले जाते. गाणे मराठीच आहे, शब्दही तेच आहेत, मग उणे काय झाले, असे विचारणाऱ्यांस उत्तर देता येते. पडदा मुलासाठी थांबत नाही, हेच ते उणे होय.

मूल हे मोठ्यांच्या हातातील मातीचा गोळा नव्हे. वासुदेवी रेड्डी व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आई दोन-चार महिन्यांच्या बाळास उचलून घेते, त्या क्षणाचे निरीक्षण आहे. आईचे हात पुढे येऊ लागताच, स्पर्श होण्याच्या आधीच, बाळ अंग किंचित ताठ करते व तिच्या हातांना वाव मिळावा म्हणून आपले हात बाजूस घेते. म्हणजे उचलण्याच्या कामात उचलला जाणाराही आपला वाटा उचलीत असतो! ज्या बायाबापड्यांनी डझनभर मुलांना न्हाऊमाखू घातले आहे त्यांस यात नवल वाटणार नाही. परंतु अनुभवाने माहीत असणे निराळे आणि मोजून दाखविणे निराळे.

हा मेळ सदैव अचूक असतो, अशी मात्र कल्पना करून घेऊ नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रयोगात आईस काही काळ चेहरा निर्विकार ठेवावयास सांगितले होते. बाळ प्रथम हसून, हात हलवून, आवाज काढून तिला बोलते करू पाहते. काही केल्या साद मिळत नाही असे दिसले की तोंड फिरविते. पुढील अभ्यासांतून असे आढळले की, नेहमीच्या खेळातही आई व बाळ यांचे भाव परस्परांशी जुळलेले असतात ते एकूण वेळेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यापुरते. बाकीचा वेळ चुकण्यात आणि चुकलेले सावरण्यात जातो. मूल मुख्यतः जे शिकते ते या सावरण्यातून शिकते, असे मानण्यास सबळ आधार आहे. टाळी हुकली की आजी क्षणभर हात धरून थांबते, बाळाचा हात येईपर्यंत वाट पाहते आणि मग टाळी देते. मुद्रित गाण्यात ही सोय नाही. मुलाची टाळी हुको वा लागो, ते आपल्या गतीने पुढे जाते.

लहान मुलाची स्वाभाविक लय मोठ्यांहून द्रुत असते. त्याला काहीही ठोकावयास दिले तर ते भराभर ठोकते, आणि दुसऱ्याच्या संथ ठेक्यात उतरणे त्यास कठीण जाते. हे काम कोणासंगे करावयाचे आहे, यावर बरेच अवलंबून असते. जर्मनीतील किर्शनर व टॉमासेल्लो यांनी २००९ मध्ये अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या मुलांस ढोल वाजवावयास दिले. साथीला एकदा माणूस होता, एकदा यंत्र होते आणि एकदा केवळ ध्वनिवर्धकातून येणारा ठेका होता. तिन्ही वयांच्या मुलांची साथ माणसाबरोबर अधिक चांगली जमली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे माणूस मुलासाठी थांबत नव्हता, ठराविक ठेकाच धरीत होता. नुसत्या समोर बसण्याने जर इतका फरक पडतो, तर थांबणाऱ्या, हसणाऱ्या आजीने किती पडत असेल!

या मेळाचा परिणाम खेळापुरताच राहत नाही, असेही दिसते. कॅनडातील लॉरा सिरेली व त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली चौदा महिन्यांच्या मुलांस संगीताच्या तालावर कडेवर झुलविले. समोरची व्यक्ती काही मुलांशी तालात झुलत होती, काहींशी बेताल. नंतर त्या व्यक्तीच्या हातून वस्तू पडल्या, तेव्हा तालात झुललेली मुले त्या उचलून देण्यास अधिक तत्परतेने पुढे आली.

अंगणवाड्यांतील अभिनयगीतांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार त्यांच्या कार्यातूनच रुजला. अंगणापर्यंत गेलेली शाळा मुलाच्या लयीपर्यंत मात्र अद्याप सर्वत्र पोहोचलेली नाही. ‘सर्वांनी एकदम हात वर’ अशी आज्ञा होते आणि मागे पडलेल्या मुलास टोकले जाते. सेविकेच्या भोवती मुलांचा मोठा घोळका असतो, तेव्हा प्रत्येकासाठी थांबणे अवघड असते, ही अडचण खरी आहे. तरीही पाहुण्यांपुढे सादर करावयाची एकसाथ कवायत आणि रोजचा खेळ यांत भेद करता येईल. रोजच्या खेळात चार-पाच मुलांशी जमिनीवर बसून, त्यांच्या वेगाने, दोन कडवी म्हटली तरी पुष्कळ झाले.

जबलपूरच्या ज्या घरात आजी दूर आहे वा आईची भाषा हिंदी आहे, तेथे मुद्रित गाणे हाच मराठीचा एकमेव स्रोत असू शकतो. त्यास सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. अशा घरात ते गाणे आधी मोठ्यांनी ऐकून पाठ करावे, मग यंत्र बंद करून बाळापुढे बसावे. उच्चार थोडा हिंदी वळणाचा झाला तरी बाळाची त्याबद्दल तक्रार नसते.