गाडीखाली शिरण्यापूर्वी

बिघडलेली वस्तू मालकालाच दुरुस्त करता यावी, या विचाराने घडवलेली यंत्रे आज दुर्मीळ झाली आहेत. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीची ‘२ सीव्ही’ ही मोटार अशा यंत्रांपैकी एक. फ्रेंच लोक तिला ‘द शव्हो’, म्हणजे ‘दोन घोडे’, म्हणतात. कंपनीचे प्रमुख प्येर-ज्यूल बुलांजे यांनी १९३० च्या दशकात आपल्या अभियंत्यांपुढे ठेवलेली अपेक्षा प्रसिद्ध आहे. दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे वाहून नेणारी, नांगरलेल्या शेतातून गेली तरी टोपलीतील अंडी फुटू न देणारी गाडी त्यांना हवी होती. ती १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि शेवटची गाडी जुलै १९९० मध्ये पोर्तुगालच्या कारखान्यातून बाहेर पडली. आरंभीचे इंजिन अवघे ३७५ सीसीचे, दोन सिलिंडरचे आणि हवेने थंड होणारे. त्यात रेडिएटर नाही, त्यामुळे पाण्याचा प्रश्नच नाही. दरवाजे बिजागरीतून वर सरकवून काढता येतात आणि आसने उचलून अंगणात मांडता येतात.

अशा गाड्या जपणारी हजारो कुटुंबे आज फ्रान्समध्ये आहेत. तीस वर्षांहून जुन्या वाहनांसाठी तेथे संग्राह्य वाहन म्हणून वेगळी नोंदणी होते. रविवारी सकाळी गॅरेजचे दार उघडावे, झडपांमधील फट मोजावी, कार्बुरेटर साफ करावा, ग्रीस भरावे, हा अनेक निवृत्तांचा नित्यक्रम असतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी युरोपात गेलेल्या मराठी मंडळींनाही हा नाद लागू शकतो. आपल्याकडे जुनी फियाट किंवा स्कूटर जिवापाड सांभाळणाऱ्यांना त्याचे नवल वाटणार नाही.

वैद्यकीय दृष्टीने या छंदाचे मी स्वागतच करतो. हातांना बारीक काम आणि मनाला एकाग्रता मिळते, केलेल्या कष्टाचे फळ त्याच दिवशी दिसते. निवृत्तीनंतर येणाऱ्या रितेपणावर असा उद्योग चांगला उतारा ठरतो. मात्र या कामात काही धोके असे आहेत की, त्यांची चाहूल लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. आजचा लेख त्यांच्यासाठी आहे. तो गाडीच्या मालकाइतकाच घरातील इतरांनीही वाचावा.

पहिला धोका वजनाचा. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, पेलून धरण्याचे नव्हे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके, छाती किंवा हातही नेऊ नये. सपाट व टणक जमिनीवर भक्कम लोखंडी स्टँड लावावेत, गाडी त्यांवर टेकवावी, हलवून पाहावी आणि मगच खाली शिरावे. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे अचानक फुटतात, म्हणून ते वर्ज्य समजावेत. २ सीव्हीबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचा हँडब्रेक पुढच्या चाकांवर चालतो. पुढचा भाग उचलला की तो ब्रेक निरुपयोगी होतो आणि मागची चाके मोकळी राहतात. त्यामुळे मागील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय काम सुरू करू नये. छातीवर भार पडलेल्या माणसाला ओरडताही येत नाही. म्हणून घरात दुसरे कोणी असेल तेव्हाच गाडीखाली जावे.

दुसरा धोका सित्रोएनच्याच ‘डीएस’ या गाडीत आढळतो. ५ ऑक्टोबर १९५५ रोजी ती पॅरिसमध्ये प्रथम दाखवण्यात आली आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२ हजार मागण्या नोंदवल्या गेल्या. पॉल माझेस या अभियंत्याने तिच्यासाठी स्प्रिंगऐवजी तेल आणि नायट्रोजन वायू यांवर तोललेली रचना तयार केली. इंजिन सुरू केले की गाडी वर उठते आणि बंद करून काही वेळ उभी ठेवली की हळूहळू खाली बसते. ही तिची शोभा आहे, पण खाली झोपलेल्या माणसासाठी तीच प्राणघातक ठरू शकते. उंचीचा दांडा वरच्या स्थानावर आहे म्हणून गाडी वरच राहील, असे कधीही गृहीत धरू नये. येथेही स्टँडला पर्याय नाही.

या रचनेतील तेलाचा दाब १५० बारच्याही वर जातो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार दाब असतो, यावरून कल्पना यावी. एवढ्या दाबाखालील नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, तर त्यातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरू शकते. गळती बोटाने चाचपून शोधू नये. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा. कोणतीही नळी उघडण्यापूर्वी दाबनियंत्रकावरील स्क्रू सैल करून दाब उतरवावा.

अशी इजा झाल्यास काय दिसते? बोटावर एक बारीक ठिपका, किंचित वेदना, क्वचित रक्ताचा थेंब. माणूस पट्टी लावून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल स्नायुबंधांच्या आवरणांतून पसरत जाते, काही तासांत बोट सुजून टणक होते आणि त्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. ही शस्त्रक्रियेची तातडीची वेळ आहे. सकाळपर्यंत थांबल्यास बोट गमवावे लागू शकते. रुग्णालयात पोहोचताच ‘दाबाखालील तेल आत शिरले आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण जखम पाहून तिचे गांभीर्य लक्षात येत नाही.

तेलाचा आणखी एक मुद्दा. डीएसच्या आरंभीच्या गाड्यांत लाल तेल असे. १९६६ पासून फ्रान्समध्ये हिरवे खनिज तेल आले. १९८१ पासूनच्या डिस्क ब्रेक असलेल्या २ सीव्हीतही हेच हिरवे तेल लागते. त्याजागी दुकानात सहज मिळणारे नेहमीचे ब्रेक ऑइल ओतले, तर रबरी सील खराब होतात आणि ब्रेक दगा देतो. चुकीची बाटली म्हणजे चुकीचे औषध. ओतण्यापूर्वी टाकीवरील आणि बाटलीवरील नाव वाचून खात्री करावी.

तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. तो कार्बन मोनॉक्साइडचा. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांना धूर शुद्ध करणारे उपकरण नसते, त्यामुळे त्यांच्या धुरात हा वायू भरपूर असतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवल्यास काही मिनिटांत प्राणावर बेतू शकते. दार अर्धवट उघडे ठेवणेही पुरेसे नाही, आणि गॅरेज घराला लागून असेल तर वायू झोपण्याच्या खोलीपर्यंत पोहोचतो. इंजिन तपासायचे तर गाडी उघड्यावर आणावी.

२ सीव्हीच्या मालकांनी येथे विशेष दक्ष राहावे. तिच्या हीटरची उष्णता गरम पाण्यातून येत नाही. धुराच्या नळ्यांभोवतीच्या आवरणांतून तापलेली हवा आत घेतली जाते. नळीला चीर पडली किंवा जोड सैल झाला, तर धूर थेट प्रवाशांपर्यंत येतो. थंडीच्या दिवसांत काचा बंद करून प्रवास करताना गाडीतील सर्वांचे डोके दुखू लागले, मळमळले, गुंगी आली आणि बाहेर पडल्यावर बरे वाटले, तर दोष प्रवासाला देऊ नये. हीटर बंद करून नळ्या तपासून घ्याव्यात. घरोघरी आता असणारे बोटाला लावायचे ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवे ठरते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्तही ते प्राणवायूने भरलेले समजते आणि ९८ असा आकडा दाखवू शकते. आकड्यावर विसंबू नये. रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

चौथा धोका ब्रेकच्या धुळीचा. जुन्या गाड्यांच्या ब्रेक शूमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जाई. फ्रान्सने १ जानेवारी १९९७ पासून त्यावर बंदी घातली, परंतु त्यापूर्वीचे सुटे भाग आजही गाड्यांत व अडगळीत आहेत. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतले की २० ते ४० वर्षांनीही कर्करोग होऊ शकतो. ब्रेकच्या डब्यातील धूळ फुंकू नये, कोरड्या ब्रशाने झाडू नये, हवेच्या दाबाने उडवू नये. ती भिजवून ओल्या फडक्याने टिपावी, तंतू अडवणारा योग्य मास्क लावावा आणि फडके पिशवीत बंद करून टाकावे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. अशी धूळ अंगावर घेऊन घरी येणाऱ्या कामगारांच्या, केवळ त्यांचे कपडे धुणाऱ्या पत्नींनाही हा आजार झाल्याचे वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे.

आता काही लहान, पण नित्याच्या गोष्टी. पेट्रोल तोंडाने नळी ओढून काढू नये. घोटभर पेट्रोल श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसाला गंभीर दाह होतो. ते गिळले गेल्यास उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरते. पेट्रोलने हात धुऊ नयेत. वापरलेल्या इंजिन ऑइलचा कातडीशी वारंवार संबंध येऊ देऊ नये. हातमोजे घालावेत आणि तेलकट फडके खिशात बाळगू नये. बॅटरीचे काम करताना अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. आम्ल डोळ्यांत उडाल्यास किमान २० मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत आणि मग डॉक्टरांकडे जावे. चालू इंजिनच्या पंख्याजवळ ओढणी, मफलर किंवा सैल बाही नेऊ नये. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी.

पन्नाशी ओलांडलेल्यांना एक वेगळी सूचना. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना गाडीखालून चटकन उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून आधी थोडा वेळ बसावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर किरकोळ वाटणारा मारही डॉक्टरांना दाखवावा. जुन्या मधुमेहात हातापायांची संवेदना मंदावते, तेव्हा तापलेल्या नळीचा चटका उशिरा कळतो.

घरच्यांनी काय करावे? छंदाला विरोध करू नये, मात्र काही नियम ठरवून घ्यावेत. गाडीखाली जाण्यापूर्वी घरात सांगून जावे आणि दर अर्ध्या तासाने कोणीतरी हाक मारावी. लहान मुलांना त्या वेळी गॅरेजमध्ये सोडू नये, पेट्रोल किंवा तेल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. अग्निशामक नळकांडे आणि प्रथमोपचाराची पेटी दाराजवळ, हाताशी असावी. फ्रान्समध्ये तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी १५ किंवा ११२, तर महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक आहे. तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि घरातील सर्वांत लहान समजत्या मुलालाही पाठ करून घ्यावा.