१८ ते २००

ज्या माणसाला सहा लेन्स परवडतात त्याने एकच लेन्स परवडणाऱ्या माणसाला उपदेश करू नये, असा कायदा संसदेने करायला हवा. संसदेला सवड नसेल तर आमच्या नांदगाव पेठेच्या ग्रामसभेने तसा ठराव घ्यावा. सूचक मी आहेच. अनुमोदक म्हणून आमच्या सौभाग्यवतींचं नाव घातलं असतं, पण ज्याच्याविरुद्ध ठराव आहे तो त्यांचा सख्खा भाऊ पडला.

हा माझा साळा अमरावतीला राहतो आणि फोटोग्राफी करतो. म्हणजे फोटो कमी काढतो, फोटोग्राफी जास्त करतो. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत सहा लेन्स, तीन ब्रश, एक हवा मारायचा रबरी फुगा आणि जगातल्या सर्व एकलेन्सी माणसांबद्दलचा तुच्छभाव, एवढा ऐवज कायम असतो. मी १८ ते २०० मिलिमीटरची, सगळ्या कामांची एकच लेन्स घेतली, तेव्हा ती हातातसुद्धा न घेता तो म्हणाला, "भाऊजी, तुमी बी ना! एक ना धड, भाराभर चिंध्या!"

आता ज्यांना या भानगडीतलं कळत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १८वर ठेवली की लग्नाचा अख्खा मांडव फोटोत येतो, आचाऱ्यासकट. तीच फिरवत २००वर नेली की मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या नवरीच्या नथीतला मोती येतो. अकरा पटींचा हा प्रवास जागेवरून न हलता होतो. मोबाइल आहे हो माझ्याकडे. पण त्यात त्या अंतरावरून नवरी मुंगीएवढी येते आणि मोती येतच नाही. हेच काम धड करायचं तर निदान तीन लेन्स पाहिजेत आणि त्या बदलायला तीन हात पाहिजेत, असं तज्ज्ञांचं मत आहे. हातांबद्दल ते बोलत नाहीत, पण अर्थ तोच.

तज्ज्ञांचे आरोप खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. बँकेत तेवीस वर्षं काढलेला माणूस नावे बाजू लपवत नाही. १८वर आमच्या शाखेची सरळ भिंत पोट सुटल्यासारखी दिसते. पण शाखेत आम्हा सगळ्यांचीच पोटं सुटलेली. एकट्या भिंतीने ताठ राहून काय मिळवायचं आहे? जवळच्या वस्तूवर रोखली तर २००चे पुरते २०० भरत नाहीत. पगारपत्रकावरचा आकडा तरी हातात पुरता कुठे पडतो? गळ्यात अडकवून चाललं की ती आपोआप खाली घसरत लांब होते, ढिल्या चड्डीसारखी. (कंपनीचं नाव सांगत नाही. सेकंडहँड घेतली होती, आधीच्या मालकानेच नाडी सैल केली असेल.) आणि उजेड! साळ्याच्या ५० मिलिमीटरच्या लेन्सवर १.८ लिहिलेलं आहे, माझीवर २००च्या टोकाला ५.६. या आकड्यांचं उलटं असतं, आकडा लहान तितकं तोंड मोठं. आणि हिशेब वर्गाने करायचा. बी.कॉम. असलो तरी वर्ग करता येतो. त्याची लेन्स माझ्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. मान्य. संध्याकाळी सातनंतर तो श्रेष्ठ आहे. मी तेव्हा जेवायला बसलेला असतो.

पण "हे काय खेळणं घेतलं" असं कोणी म्हणू नये. फोटोच्या कॅमेऱ्यासाठी झूम लेन्स फोक्टलेंडर कंपनीने १९५९ साली आणली, साळ्याच्या जन्माआधी. ती ३६ ते ८२ होती, आणि शुद्धतावाद्यांनी तेव्हाही नाकं मुरडलीच असणार. १९९२ साली टॅमरॉनने २८ ते २०० एका नळीत बसवले, २००५ साली निकॉनने १८ ते २००, आणि २०१७ साली टॅमरॉन ४००पर्यंत गेली. ज्यांनी हे केलं ते भिंगं घासण्यात आयुष्य घालवलेले लोक होते. सगळं थोडंथोडं सांभाळणं हे एकच गोष्ट उत्तम करण्यापेक्षा सोपं काम आहे, असं ज्याला वाटतं त्याने कधी घर चालवलेलं नसतं.

किंवा बँकेची खिडकी. माझं काम 'सिंगल विंडो'वर आहे. पैसे घ्या, पैसे द्या, चेक घ्या, पासबुक छापा, आधार जोडा, नोव्हेंबर आला की पेन्शनरांच्या हयातीची खात्री करा, आणि मधूनच "साहेब, थोडा फारम भरून द्या ना" म्हणणाऱ्या आजीबाईचा फॉर्म भरा. यातल्या कोणत्याही एका कामात माझ्याहून धारदार माणूस हेड ऑफिसात सापडेल. पण तो हेड ऑफिसात आहे. आजीबाई इथे आहे. आणि भाराभर चिंध्यांचं म्हणाल, तर गोधडी कशाची शिवतात? आमच्या वऱ्हाडातल्या पोषातल्या थंडीत साळ्याने एकदा अखंड, धड, रेशमी कापड पांघरून झोपून दाखवावं.

मी इतका तावातावाने का बोलतो, ते सांगतो. २०१६ साली माझ्याकडे दोन लेन्स होत्या: कॅमेऱ्याबरोबर आलेली १८ ते ५५ आणि साळ्याच्या सांगण्यावरून घेतलेली लांब पल्ल्याची. आमच्या पेठेतून नागपूर रस्त्याने पुढे गेलं की गुरुकुंज मोझरी लागतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले. पुण्यतिथीच्या महोत्सवात दरवर्षी त्याच मिनिटाला तिथे लाखो माणसं मौन पाळतात. माझे बाबा जुने गुरुदेव सेवक. भगवी टोपी घालून दरवर्षी जायचे. त्या वर्षी गुडघे दुखत होते म्हणून मी त्यांना घेऊन गेलो, आणि कॅमेराही नेला.

आधी छोट्या लेन्सने सगळ्या गर्दीचा एक फोटो काढला. मग वाटलं, बाबांचा चेहरा घ्यावा. ते माझ्यापासून बरेच पुढे, रांगेत होते. छोटी लेन्स काढली, मोठी पिशवीतून बाहेर घेतली, आणि ४ वाजून ५८ मिनिटं झाली.

जो जिथे होता तिथे थांबला. मीही थांबलो. एका हातात एक लेन्स, दुसऱ्या हातात दुसरी, गळ्यात उघड्या तोंडाचा कॅमेरा. सोयाबीन काढणीचे दिवस. हवेतली धूळ आणि कुटार सावकाश त्यात उतरताना मला दिसत होतं. तेवढ्यात बाबांनी मान थोडी बाजूला वळवली. डोळे मिटलेले, ओठ जरासे हलत होते, आणि चेहरा असा, की मी तो घरी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. घरी ते बहुधा वीजबिलाकडे पाहत असायचे. लेन्स बसवायला 'खट्' आवाज होतो. त्या शांततेत तो करायचा धीर मला झाला नाही.

मौन सुटल्यावर बाबा गर्दीतून वाट काढत आले. मला नखशिखांत पाहून म्हणाले, "काहून रे, हातात दोन वाट्या धरून काय उभा होता? प्रसादाले अजून वेळ आहे."

पुढच्या वर्षी ती टोपी खुंटीवरच राहिली. लेन्स मी त्या दिवाळीत घेतली. साळ्याला हे कधी सांगितलेलं नाही. त्याने सल्ला चांगल्या मनाने दिला होता, आणि शास्त्राप्रमाणे तो बरोबरच होता.

त्या दिवशीचा छोट्या लेन्सचा फोटो आहे माझ्याकडे. कॉम्प्युटरवर तो मोठा करत गेलं की शेवटी भगवे चौकोनच उरतात. सौ. म्हणते, डावीकडून तिसऱ्या रांगेतली टोपी बाबांची. मी म्हणतो, चौथ्या.