ग्रहांचा जन्म : मोजलेलें, ताडलेलें आणि मांडलेलें

ग्रह कसे निर्माण झाले, या प्रश्नाचें उत्तर बहुतेक पाठ्यपुस्तकांत पांचसहा ओळींत आटोपलेलें असतें. वायु आणि धूळ यांचा एक अवाढव्य ढग आपल्याच भारानें आकुंचित झाला. मध्यभागीं सूर्य पेटला. त्याच्या भोंवतीं फिरणाऱ्या चकतींतील कण एकमेकांस चिकटत गेले. आणि कालांतरानें त्यांचे ग्रह बनले. ही कल्पना जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७५५ सालीं व फ्रेंच गणिती लाप्लास यानें १७९६ सालीं आपापल्या परीनें मांडली होती. पुढें २०१४ सालीं चिली देशांतील उंच पठारावरील आल्मा या दुर्बिणीसमूहानें वृषभ राशींतील एच. एल. टॉरी या कोंवळ्या ताऱ्याचें चित्र घेतलें, तेव्हां त्याच्या भोंवतींची चकती व तींतील वर्तुळाकार काळे पट्टे अगदीं स्पष्ट दिसून आले. तेव्हां पाठ्यपुस्तकांतील उत्तर खोटें आहे, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं.

परंतु त्या उत्तरांत दोन उणिवा आहेत. पहिली ही कीं, ती एका शांत घरांतील जन्माची हकीकत आहे. आणि ग्रह केवळ अशा शांत घरींच जन्मावयाचे, असा समज तिच्यामुळें मुलांच्या मनांत रुजतो. दुसरी उणीव याहून मोठी आहे. जें मोजून ठरलें, जें खुणांवरून ताडलें, आणि जें केवळ हिशेबानें मांडलें, तें सारें एकाच सुरांत व एकसारख्याच ठाम वाक्यांत सांगितलें जातें. या तिहींमधील भेद ओळखण्यास विद्यार्थ्यास शिकविणें हें ज्ञान देण्याइतकेंच अगत्याचें आहे, असें आमचें मत आहे. आणि तें पटवून देण्यास विश्वांतील अत्यंत प्रतिकूल ठिकाणच्या ग्रहांसारखें उत्तम उदाहरण आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

प्रथम मोजलेलें पाहूं. सूर्याहून कितीतरी जड असा तारा आपलें इंधन संपल्यावर भयंकर स्फोटानें फुटतो व त्याचा गाभा दाबला जाऊन न्यूट्रॉन तारा बनतो. त्याचें वस्तुमान सूर्याहून अधिक, आणि रुंदी मात्र अवघी वीसेक किलोमीटर! हा गोळा स्वतःभोंवतीं गरगर फिरत असतो व दीपगृहाच्या झोताप्रमाणें त्याच्या रेडिओ-लहरी ठराविक अंतरानें आपल्या पृथ्वीवरून जातात. अशा ताऱ्यास पल्सार म्हणतात. पहिला पल्सार १९६७ सालीं केंब्रिज येथें जोसेलिन बेल या विद्यार्थिनीच्या दृष्टीस पडला.

१९९० सालीं पोर्टो रिको बेटावरील अरेसिबो येथील प्रचंड रेडिओ-दुर्बीण दुरुस्तीच्या कामामुळें ताऱ्यांचा मागोवा घेण्यास असमर्थ झाली होती. तेव्हां जें आकाश आपोआप वरून सरकेल तें तपासावें, असें पोलिश ज्योतिर्विद अलेक्झांडर वोल्श्चान यांनीं ठरविलें. त्यांत कन्या राशीमध्यें त्यांस एक पल्सार सांपडला. तो सेकंदास सुमारें १६१ फेरे घेतो. त्याचे ठोके घड्याळासारखे नियमित असावयास हवे होते. परंतु ते कधीं सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडे अधिक लवकर येत, तर कधीं तितकेच उशिरा. याचा अर्थ असा कीं, तो तारा किंचित आपल्याकडे व किंचित आपल्यापासून दूर असा झुलत होता; आणि त्यास झुलविणारें कोणीतरी त्याच्या भोंवतीं फिरत होतें. डेल फ्रेल यांनीं दुसऱ्या दुर्बिणीच्या साहाय्यानें त्या ताऱ्याचें अचूक स्थान निश्चित केलें, आणि जानेवारी १९९२ मध्यें दोघांनीं जाहीर केलें कीं, तेथें दोन ग्रह आहेत. एक सुमारें ६७ दिवसांत व दुसरा सुमारें ९८ दिवसांत प्रदक्षिणा करतो. दोघेही पृथ्वीच्या सुमारें चौपट जड. १९९४ सालीं तिसरा, चंद्राच्या सुमारें दुप्पट वजनाचा, लहानगा ग्रहही आढळला. आपल्या सूर्यमालेबाहेरील ज्या ग्रहांविषयीं पुढें शंका उरली नाहीं, असे हे पहिले ग्रह. ते एखाद्या सौम्य सूर्याभोंवतीं नव्हे, तर फुटून मेलेल्या ताऱ्याच्या अवशेषाभोंवतीं सांपडले! जेथें ग्रहांची कोणीं अपेक्षाही केली नसती, तेथेंच त्यांची प्रथम गांठ पडली.

या शोधाशीं निगडित असलेली एक हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. १९९१ च्या जुलै महिन्यांत इंग्लंडांतील अँड्र्यू लाइन व त्यांचे सहकारी यांनीं दुसऱ्या एका पल्साराभोंवतीं ग्रह असल्याचें प्रसिद्ध केलें होतें. त्या ग्रहाची प्रदक्षिणा सहा महिन्यांची होती, म्हणजे बरोबर आपल्या वर्षाच्या निम्मी. पुढें लाइन यांस आढळलें कीं, पृथ्वीच्या स्वतःच्या गतीची वजावट करतांना ताऱ्याचें स्थान किंचित चुकीचें धरलें गेलें होतें, आणि तिची कक्षा पूर्ण वर्तुळ नाहीं याचाही परिणाम हिशेबांत राहून गेला होता. ग्रह नव्हताच, दिसत होती ती आपल्याच पृथ्वीची चाल. १९९२ च्या जानेवारींत अटलांटा येथें अमेरिकन ज्योतिर्विदांच्या सभेंत ते उभे राहिले आणि भरसभेंत त्यांनीं आपला ग्रह स्वतःच पुसून टाकला. सभेनें त्यांचा गौरव दीर्घ टाळ्यांनीं केला. वोल्श्चान यांच्या ग्रहांची वार्ताही त्याच सभेपुढें आली. मोजलेल्या गोष्टीलाही पुन्हा मोजून पाहण्याची कसोटी असते, आणि त्या कसोटीस उतरली नाहीं तर ती सोडून देण्यांत कमीपणा नसतो, हें याहून चांगलें कोण शिकवील?

आतां ताडलेलें पाहूं. हे ग्रह तेथें आले कसे? मूळ ताऱ्याचे ग्रह असते, तर स्फोटांत ते होरपळून गेले असते, अथवा ताऱ्याचें बहुतेक वस्तुमान एकाएकीं निघून गेल्यामुळें त्याच्या बंधनांतून सुटून दूर फेंकले गेले असते. म्हणून ज्योतिर्विदांचा तर्क असा कीं, ते स्फोटानंतर जन्मले. स्फोटाचा कांहीं चुरा परत खालीं पडला असावा, किंवा जवळचा जोडीदार तारा छिन्नभिन्न झाला असावा; त्या अवशेषांची नवी चकती बनून तींतून हे ग्रह घडले असावेत. त्यांच्या कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असून दोन मोठ्या ग्रहांच्या कक्षा जवळजवळ एकाच पातळींत आहेत, ही या तर्कास पुष्टि देणारी खूण होय. तर्क सबळ आहे. तरी तो तर्कच आहे. चुरा कोठला, याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. शिवाय आजवर तीन हजारांहून अधिक पल्सार सांपडले असतां ग्रह असलेले अगदीं थोडे आहेत. यावरून असा पुनर्जन्म क्वचितच घडत असावा, असें दिसतें.

वृश्चिक राशींत ज्येष्ठा या तांबड्या ताऱ्याजवळ एक अतिप्राचीन तारकागुच्छ आहे. त्यांतील एक पल्सार व त्याचा श्वेतबटू जोडीदार यांच्या भोंवतीं गुरूच्या अडीचपट वजनाचा एक ग्रह फिरतो. २००३ सालीं हबल दुर्बिणीच्या साहाय्यानें तो श्वेतबटू ओळखला गेला आणि ग्रहाचें वजन निश्चित झालें. गुच्छाच्या वयावरून ग्रहाचें वय सुमारें १२०० ते १३०० कोटी वर्षें असावें, असें ताडतात. म्हणूनच पवित्र शास्त्रांत ९६९ वर्षें जगलेल्या मथुशलहाचें नांव त्यास कौतुकानें दिलें गेलें. त्या काळीं विश्वांत लोखंड, सिकता इत्यादि जड द्रव्यें फार थोडीं होतीं. तरीही ग्रह झालाच.

जिवंत ताऱ्यांच्या वस्तींतही सारें सौम्य नसतें. मृग नक्षत्रांत बाणाच्या तीन ताऱ्यांखालीं जो अंधुक मेघ साध्या डोळ्यांस दिसतो, त्यांत कित्येक कोंवळ्या ताऱ्यांच्या चकत्या शेजारच्या प्रखर ताऱ्याच्या अतिनील किरणांनीं उडून चालल्या आहेत; त्यांस अश्रुबिंदूसारखा आकार आला आहे. अशा भट्टींत ग्रहांस वेळ मिळणार कसा, अशी शंका साहजिकच होती. परंतु २०२३ सालीं वेब दुर्बिणीनें वृश्चिकाच्या नांगीजवळील, सुमारें ५५०० प्रकाशवर्षें दूर असलेल्या, याहूनही दाहक अशा मेघांतील एका ताऱ्याची चकती तपासली. तिच्या आंतल्या भागांत, जेथें खडकाळ ग्रह बनावयाचे, तेथें पाण्याची वाफ, कार्बन मोनॉक्साइड व इतर वायु सांपडले. लक्षांत घ्यावें : वायु मोजले गेले आहेत, ग्रह अद्याप कोणीं पाहिलेला नाहीं.

शेवटीं केवळ मांडलेलें. २०१९ सालीं जपानांतील वाडा, त्सुकामोतो व कोकुबो यांनीं गणितानें दाखविलें कीं, आकाशगंगांच्या मध्यभागीं असलेल्या महाकाय कृष्णविवरांभोंवतींच्या धुळींतही ग्रह बनूं शकतील. विवरापासून सुमारें दहा प्रकाशवर्षांवर, पृथ्वीच्या सुमारें दसपट जड असे हजारों ग्रह! कल्पना भव्य आहे, आणि गणित काळजीपूर्वक केलेलें आहे. तथापि असा एकही ग्रह आजवर कोणास दिसलेला नाहीं. वर्तमानपत्राच्या मथळ्यांत मात्र “बनूं शकतील” याचें “सांपडले” व्हावयास एक रात्र पुरते. आणि सकाळीं तोच मथळा हातांतल्या फोनवरून घरोघर पोंचतो.

आमच्या पालकवर्गास आमची विनंती आहे ती येथेंच. मूल अशी एखादी वार्ता घेऊन आलें, तर “या असल्या गोष्टींचा उपयोग काय?” असें म्हणून त्याचें तोंड बंद करूं नये, आणि “छापून आलें म्हणजे खरेंच” असेंही म्हणूं नये. त्यास तीन प्रश्न विचारावयास लावावें : हें कोणीं मोजलें काय? मोजलें नसेल, तर कोणत्या खुणांवरून ताडलें? खुणाही नसतील, तर कोणत्या हिशेबानें मांडलें? ही संवय लागलेला मुलगा किंवा मुलगी ग्रहांविषयींच नव्हे, तर औषधाच्या जाहिराती, बाजारांतील अफवा आणि सभेंतील भाषणें यांविषयींही सहसा फसणार नाहीं.

आणि हें सारें दूर देशींचेंच आहे, असें कोणीं समजूं नये. जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाजवळ खोडद व आसपासच्या परिसरांत प्रत्येकीं ४५ मीटर रुंदीच्या तीस रेडिओ-दुर्बिणी उभ्या आहेत. पल्सारांचे ठोके मोजण्याचें, म्हणजे वोल्श्चान यांनीं केलें त्याच जातीचें, काम तेथें नित्य चालतें. ज्वारी-बाजरीच्या शेतांनजीक असें मोजमाप चालत असतां आमच्या मुलांनीं केवळ पाठ केलेल्या ओळींवर संतुष्ट राहावें, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

राहतां राहिला आम्हां शिक्षकांचा प्रश्न. उत्तरपत्रिकेंत “ग्रह अमुक रीतीनें बनले” असें लिहिणाऱ्यास आम्ही पूर्ण गुण देतों. “येथवर मोजलेलें आहे, येथून पुढें तर्क आहे” असें लिहिणाऱ्यास एखादा गुण अधिक द्यावा, अशी सूचना आम्ही आमच्या व्यवसायबंधूंपुढें नम्रपणें ठेवितों. पाठ केलेली ओळ नवा शोध लागला म्हणजे बदलावी लागते. परंतु मोजलेलें कोठें संपतें व तर्क कोठें सुरू होतो, हें पाहण्याची दृष्टि एकदां आली म्हणजे ती प्रत्येक नव्या शोधाच्या वेळीं कामास येते.