विश्लेषण : सिम्युलेटर मीटरभर सरकतो, मग विमान धावल्याचा भास कसा होतो?

वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाले. याच बंदरालगत मुंबईसाठी तिसऱ्या विमानतळाचा राज्य सरकारचा प्रस्ताव आहे. विमानतळ वाढले की वैमानिक जास्त लागतात, आणि त्यांचे प्रशिक्षण सिम्युलेटरशिवाय होत नाही. अणुवीज केंद्रातले ऑपरेटरही सिम्युलेटरवरच शिकतात. पण तारापूरचा नियंत्रण कक्ष जागचा हलत नाही, त्यामुळे तसल्या सिम्युलेटरला पाय लागत नाहीत. विमानाच्या सिम्युलेटरला सहा लागतात.

हे पाय करतात काय?

खऱ्या मापाचे कॉकपिट या लांबणाऱ्या-आखडणाऱ्या पायांवर उभे असते. ते पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकते आणि तिन्ही अक्षांवर कलते. सरकायला जागा मात्र मीटर-दीड मीटरचीच. तरी भास होतो, कारण शरीरच फसते. डहाणूहून आलेली लोकल बोईसर सोडते तेव्हा उभा प्रवासी मागे झुकतो. गाडीने एकसारखा वेग घेतला, की खडखडाट सोडला तर डोळे मिटलेल्याला वेग कळत नाही. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा वेग नव्हे, वेगातला बदल टिपते. म्हणून सिम्युलेटर एक झटका देतो आणि मग कळणार नाही इतक्या हळू मूळ जागी परततो. टेकऑफला कॉकपिट हळूच मागे कलवतात. पडद्यावर धावपट्टी सपाट दिसते, पाठ सीटवर दाबली जाते आणि वैमानिकाला विमान वेग घेत असल्याचे वाटते.

फसवणूक कुठे महागात पडते?

१२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ क्रमांकाचे विमान कोसळून २६५ जण मरण पावले. पुढच्या विमानामागे राहिलेल्या हवेच्या भोवऱ्यात सहवैमानिकाने रडर गरजेपेक्षा फार जोरात वापरला होता. रडर यंत्रणेची रचना आणि कंपनीच्या प्रशिक्षणातील काही भागही कारणीभूत ठरले. सिम्युलेटरवरील सरावातून अशा भोवऱ्यांच्या परिणामांचे अतिरंजित चित्र मनात बसू शकत होते, असे तपासात नोंदले गेले.

हलणारा सिम्युलेटर स्थिर सिम्युलेटरपेक्षा किती जास्त शिकवतो, यावर संशोधकांत मतभेद आहेत. तरीही सर्वोच्च ‘डी’ श्रेणीसाठी सहाही प्रकारची हालचाल सक्तीची आहे, आणि ते योग्यच. टेकऑफवेळी एक इंजिन निकामी झाले तर विमान एका बाजूला ओढले जाते. तो हिसका उपकरणांकडे नजर जाण्याआधी अंगाला कळतो. शिवाय अशा सिम्युलेटरवर अनुभवी वैमानिक नव्या प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण पूर्ण करू शकतो. त्या विमानातले त्याचे पहिले खरे उड्डाण प्रवाशांसह होते.