बाजारात पास, शाळेत नापास : मग कच्चं कोण?

‘या पोरांचं गणिताचं डोकंच नाही.’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी शाळेत ऐकलं? आणि ‘ही पोरं’ म्हणजे कोणत्या वस्तीतली, हे न सांगताही किती जणांना कळलं?

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या नावातच बाजार आहे. समजा, तिथे आईशेजारी भाजी विकायला दहा वर्षांची मुलगी बसली आहे. मेथीची जुडी १५ रुपयांना. खानावळवाला १२ जुड्या घेतो, ५०० ची नोट देतो. पोरगी हिशेब करते : दहाचे दीडशे, दोनचे तीस, झाले एकशे ऐंशी. वीस दिले की दोनशे, वर तीनशे. ३२० परत. ना कागद, ना पेन्सिल.

तीच मुलगी फळ्यासमोर १५ × १२ ची उभी मांडणी करताना हातचा विसरते. तोंडी उत्तर दिलं तर ‘रीत कुठंय?’ म्हणून गुण कापले जातात. संख्या फोडून जोडण्याची तिची पद्धत हीच खरी सर्जनशील विचारपद्धती. पण शाळा तिला गणित मानत नाही.

हा भावनेचा मुद्दा नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या ५ मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. धंद्यात त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर होती, तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने दिल्यावर सुमारे ३७ टक्के. २०२५ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डफलो आणि सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारातल्या मुलांबद्दल तेच दाखवलं. आणि उलटंही : शाळेत हुशार ठरलेली, पण बाजारात काम न करणारी मुलं व्यवहाराच्या हिशेबात अडखळली. मग कच्चं कोण? मुलं, की दोन गणितांमध्ये पूल न बांधणारी शाळा?

आता काही जण म्हणतील, ‘मग त्यांना व्यवहारी गणितच शिकवा.’ सावध राहा! हा जुनाच डाव आहे. आपल्या पोरांनी गल्ल्यापुरतं शिकावं आणि बीजगणित, भूमिती, इंजिनिअरिंग इतरांसाठी राहावं? बाजारातलं गणित ही पायरी आहे, मुक्काम नाही. बाळासाठी मजुरीच्या हिशेबात अडकलेल्या आईबापाला तेच नको आहे. बाबासाहेबांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात साम्राज्याच्या चलनव्यवस्थेचाच हिशेब मागितला. आकड्यांवरची ही पकड आपल्या मुलांचा हक्क आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २९ शोधातून, कृतीतून आणि भयमुक्त शिकण्याची हमी देतं. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा हव्यात.

म्हणून तरुणांनो, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब चोख ठेवता, तसा शाळेचाही ठेवा. समितीच्या बैठकीत आपली माणसं बसवा. तीन प्रश्न विचारा : वेगळ्या रीतीने काढलेल्या बरोबर उत्तराला गुण मिळतात का? ‘हे उत्तर कसं काढलंस?’ असं मुलाला विचारलं जातं का? आणि ‘कच्ची’ ठरवलेली मुलं कोणत्या वस्तीतली आहेत?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा.

जय भीम!