बेडूक उडी मारण्याआधी दबतो

सातवीतल्या एका मुलानं वहीच्या कोपऱ्यात, पानामागून पान, बेडकाची उडी काढली होती. पानं अंगठ्यानं सरसर सोडली की बेडूक उडायचा, पण लाकडी खेळण्यासारखा. “बाई, असा का दिसतो?” मी विचारलं, “उडण्याआधी तो दबतो का रे?” संध्याकाळी तो ओढ्याकाठी जाऊन बसला. दोन दिवसांनी नवी वही घेऊन आला. त्यातला बेडूक आधी अंग चोरून दबत होता, मग ताणला जात होता. बेडूक जिवंत झाला होता.

हातानं काढलेले ॲनिमेशनपट असेच घडले. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटींना पुरवत, तरी सेकंदाला १२ चित्रं लागत. मुख्य चित्रकार हालचालीतल्या मोक्याच्या अवस्था काढायचा. खालून उजेड असलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवून सहायक मधली चित्रं भरायचे. मग प्रत्येक रेषा पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईनं गिरवली जाई. रंग मागच्या बाजूनं भरत, म्हणजे पुढची रेषा झाकली जात नसे.

या साऱ्या खटाटोपाचं मूळ निरीक्षणात होतं. डिस्नेच्या ‘बॅम्बी’साठी (१९४२) हरणाची दोन पाडसं स्टुडिओत आणली होती, चित्रकार त्यांच्यासमोर बसून रेखाटनं करत. त्याच चित्रपटावर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले. त्यांनी राम मोहन यांच्यासारख्या आपल्या चित्रकारांना ही विद्या शिकवली. त्यातूनच जातककथेवरचा ‘द बॅनियन डिअर’ हा लघुपट आला.

आता मधली चित्रं संगणक भरून देतो, मग मुलांनी हात कशाला दुखवायचे, असं पालक मला विचारतात. संगणकानं कष्ट वाचवले, ते चांगलंच झालं. पण ओढ्याकाठी बसून बेडूक पाहिलेला मुलगाच पडद्यावरची खोटी उडी ओळखेल. ही नजर मुलांना चित्रकलेच्या तासाला मिळते, आणि परीक्षा जवळ आली की पहिली गदा याच तासावर येते.

मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. एक पेन्सिल आणि एक वही प्रत्येक मुलाच्या दप्तरात असतेच. चित्रकलेचा तास तेवढा गणिताला देऊ नका.