अडखळले की आईला कळते

आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी सात ते साडेआठ अभ्यासिका चालते. गेल्या पावसाळ्यात चौथीतल्या एका मुलापुढे आम्ही दुसरीचे पुस्तक ठेवले. 'घर', 'नळ', 'कमळ' त्याने नीट वाचले. 'रस्ता' आला आणि गाडी थांबली. जोडाक्षर दिसले की पोरगा खिडकीबाहेर पाही. वही मात्र मोत्यासारखी! फळ्यावरचे सगळे हुबेहूब उतरवलेले. वही पाहून कोणाला शंकाही येऊ नये.

आई दाराशी उभी होती. धुण्याभांड्याची कामे आटोपून थेट आलेली. म्हणाली, "सर, मला अक्षर कळत नाही, म्हणून तर पैसे मोजून शिकवणी लावली."

अशी मुले थोडी नाहीत. 'असर' पाहणीचे कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावतात. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे सत्तावीस मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला.

आता आमची चूक सांगतो. अभ्यासिका सुरू केली तेव्हा पालकांना आम्ही दाराबाहेरच ठेवले. गडबड होते, मुले लाजतात, अशी आमची समजूत. त्या दिवशी मात्र त्या ताईंना आत बसवले आणि मुलाला मोठ्याने वाचायला सांगितले. चौथ्या ओळीला त्या म्हणाल्या, "इथं अडकला." सहाव्या ओळीला पुन्हा, "इथं पण." दोन्ही वेळा बरोबर! अक्षर येत नसले तरी बोलणे कोठे तुटते ते कानाला कळतेच की. आम्ही त्यांना एवढेच सांगितले, की रोज भाकऱ्या थापताना पंधरा मिनिटे त्याला शेजारी बसवा, मोठ्याने वाचू द्या, अडकला त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगा आणि शेवटी गोष्टीत काय झाले ते विचारा. रेघा मारलेले शब्द आम्ही अभ्यासिकेत घेऊ. त्याला बोल लावू नका, एवढे मात्र बजावले.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी स्वतः लष्करी शाळेत शिकवलेले गृहस्थ, तेव्हा त्यांची बरोबरी कशी करायची, असे कोणी म्हणेल. पण परळच्या चाळीतल्या एका खोलीत रात्री दोनपर्यंत स्वतः जागून मग मुलाला अभ्यासाला उठवायचे, याला कोणती पदवी लागत होती? पुस्तकांसाठी त्यांनी लेकींचे दागिनेही गहाण टाकले. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, त्यामागे ही जागरणे आहेत.

दिवाळीपर्यंत आमचा हा विद्यार्थी दुसरीचे पुस्तक वाचू लागला. चौथीचे अजून जड जाते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याप्रमाणे सरकारी व महापालिकेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत, आणि निम्म्या स्त्रिया. हे ऐकून ताई म्हणाल्या, "मग मी जाते." पण सभा सकाळी अकराला, आणि तेव्हा त्यांची दोन घरची भांडी असतात. खाडा केला की पगार कापला जातो. म्हणून सभा संध्याकाळी ठेवावी, असा अर्ज करायचे ठरले. तो आम्ही लिहून दिला नाही. मुलाने लिहिला, आईने सांगितला तसा. 'व्यवस्थापन' त्याने दोनदा खोडले, तिसऱ्यांदा बरोबर लिहिले.